खडूअण्णांनी आखलेलं घर

नसलेल्या भिंतीतून चालल्याबद्दल खडूअण्णांनी माझ्या नवऱ्याला पहिल्याच दिवशी चार वेळा माघारी पाठवलं. नवरा बँकेत मॅनेजर आहे, त्याला माघारी जायची सवय नाही. पण आमच्या रिकाम्या फ्लॅटच्या फरशीवर अण्णांनी खडूनं एक रेघ ओढली होती, ती रेघ म्हणजे बेडरूमची भिंत होती, आणि साहेब हातात चहाचा कप घेऊन तिच्यातून आरपार निघाले होते. "साहेब, भिंतीतनं आलासा. परत जावा, दारातनं या," अण्णा म्हणाले. आवाज चढवला नाही की हसले नाहीत. साहेब मुकाट्यानं मागं गेले आणि रेघेत जिथं दाराएवढी मोकळी जागा सोडली होती तिथून वळसा घालून आले. मी तोंडाला पदर लावून हसत होते. पाचव्या मिनिटाला माझीही तीच गत झाली.

अण्णा बोरगावचे. धंद्यात त्यांना अण्णा मेस्त्री म्हणत. खडूअण्णा हे नाव माझ्या लेकीनं ठेवलं. सत्तरीला टेकलेला काटक माणूस, डोक्यावर टोपी, अंगात दोन मोठ्या खिशांचा सदरा. एका खिशात टेप आणि दुसऱ्यात खडू, आम्ही शाळेत वापरायचो तेच. मी शिक्षिका. आमच्या शाळेत मार्करचे पांढरे फळे आल्यापासून खडूंचे डबे कपाटात पडून होते, त्यातला एक मी त्यांना आणून दिला. एखाद्याला पेढ्यांचा पुडा मिळावा तसे ते खूश झाले. काम शिकले सदलग्याच्या एका कानडी वस्तादाकडे, त्यामुळं बोलायचे मराठीत पण फूट मोजायचे कानडीत. "ओंदु, येरडु, मूरु" करत खोलीभर फिरायचे आणि मध्येच कुणी मराठीत काही विचारलं की आकडा विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरू.

आता फ्लॅटचं सांगते. बेळगावात दोन रस्ते जिथं येऊन मिळतात, तिथल्या टोकावर आमची इमारत आहे, आणि त्या इमारतीच्या टोकावर आमचा फ्लॅट. म्हणजे कलिंगडाची फोड. एका बाजूला ऐसपैस, दुसऱ्या बाजूला निमुळता होत होत असा टोकाला गेलेला की तिथं साधं कपाटसुद्धा सरळ उभं राहत नव्हतं. अशा आकारामुळंच तो आम्हाला परवडला, हेही खरं. घ्यायला आम्ही घेतला, आणि मग कपाळाला हात लावला. एका हुशार डिझायनर मुलीनं लॅपटॉपवर आम्हाला रंगीत चित्र काढून दिलं. चित्र सुंदर होतं. हॉल, दोन बेडरूम, लेकीचा अभ्यासाचा कोपरा, आणि निमुळत्या बाजूला मोठ्या खिडकीशी माझी लिहिण्या-वाचण्याची खोली. अगदी टोकाला अडगळ. ते चित्र मी मैत्रिणींना दाखवून दाखवून फोन तापवला होता.

अण्णांनी ते चित्र बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "पोरगीनं लई देखणं काढलंय. पण बाई, ह्यात माणसं न्हाईत."

"माणसं आम्ही आहोत की."

"तुमी चित्राच्या भाईर हाईसा. आत जाऊन ऱ्हावा आठ दिस. आधी चाला, मग बोला."

अण्णांची कामाची रीतच ती होती. कागदावर ते काही मान्य करत नसत. खरं घर पाडायच्या-बांधायच्या आधी ते सगळं घर खडूनं फरशीवर खऱ्या मापाचं आखत. भिंती, दारं, पलंग, ओटा, फ्रीज, सगळं. मग घरच्यांनी त्या रेघांच्या घरात आठ दिवस खरोखर राहायचं, तिथंच स्वयंपाक करायचा, जेवायचं, झोपायचं. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी दुसरा मेस्त्री बघावा. मे महिन्याची सुट्टी होती, फ्लॅटमध्ये नळ आणि दिवे होते, भाड्याचं घर दोन गल्ल्या पलीकडं, अंघोळ-संडासापुरतं तिकडं जाता यायचं. आम्ही गाद्या, शेगडी आणि चार भांडी उचलून राहायला गेलो. नवऱ्याला हा सगळा खुळेपणा वाटत होता, आणि मला वाटत नव्हता असं म्हणणं खोटं होईल.

तेव्हाच माझी आई निपाणीहून आली होती, आठ दिवसांसाठी. तिचं सगळंच आठ दिवसांसाठी असायचं. मी एकुलती एक. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती आणि आई निपाणीत एका खोलीत एकटी राहत होती. उभा जन्म तिनं तंबाखूच्या वखारीत आणि विड्या वळण्यात घालवला, मला शिकवलं, आणि आता गुडघे धरले होते, दोनदा मोरीत पडली होती. आमच्याकडं कायमची ये म्हणून मी मागं लागले की तिचं एकच उत्तर: "लेकीच्या घरात ऱ्हात्यात का कुणी? येत जाईन गं अधनंमधनं." तिसऱ्यांदा पडली तर तिला उचलायलाही कुणी नसेल. नव्या घरात तुला खोली काढू का, असंही मी विचारलं होतं. "मला कशाला खोली, पडीन कुठंबी," म्हणाली. आणि मी, खोटं कशाला सांगू, ते पटकन ऐकलं. कारण खिडकीजवळच्या त्या खोलीवर माझा जीव जडला होता.

खडूच्या घरातले ते दिवस आठवले की अजून हसू येतं. अण्णा सकाळी नऊला येत, फरशीवर मांडी घालून बसत आणि आम्हाला नुसते बघत राहत. पहिल्या दिवशी त्यांनी मला नसलेल्या फ्रीजमधून नसलेली भाजी काढायला लावली. मी वाकले, तेवढ्यात नवरा मागून पाणी प्यायला आला आणि आमची पाठीला पाठ धडकली. "बघा," अण्णा म्हणाले, "रोज सकाळी हेच भांडण. तुमाला वाटणार साहेब आडमुठं हाईत. साहेब बरं हाईत, फ्रीज आडमुठा हाय." आणि त्यांनी फ्रीज पुसून तीन फूट पलीकडं काढला. लेकीला पलंगाच्या रेघेत झोपवून कूस बदलायला लावली. नवऱ्याला न्हाणीघराच्या रेघांत उभं करून टॉवेलनं पाठ पुसायला लावली. त्याचे दोन्ही कोपर भिंतीच्या बाहेर गेले. न्हाणीघर एक फूट वाढलं.

दोन दिवसांत लेक पोलीस झाली. कोण भिंतीतून गेलं, कोण ओट्यावरून चाललं, सगळं अण्णांच्या कानावर जायचं. तिसऱ्या दिवशी तर आम्हाला इतकी सवय लागली की वीजबिल द्यायला आलेला माणूस सरळ हॉलमधून बेडरूममध्ये घुसला तेव्हा नवराच त्याच्यावर खेकसला, "अहो, भिंत आहे तिथं." तो बिचारा फरशीकडं बघत उलट्या पावली जिन्यापर्यंत गेला.

सहाव्या दिवशी मी बाजारातून आले तर अण्णा गुडघ्यावर बसून ओल्या फडक्यानं फरशी पुसत होते. सगळं घर पुसलं होतं. माझ्या खोलीची तर खूणही उरली नव्हती.

माझं डोकं फिरलं. जूनमध्ये शाळा सुरू होणार, माणसं ठरलेली, सामान सांगून ठेवलेलं. मी बरंच काही बोलले. वयानं बापासारख्या माणसाला असं बोलायला नको होतं, पण बोलले. अण्णांनी फडकं पिळलं, बादलीवर वाळत घातलं आणि मला विचारलं, "बाई, सहा दिस झालं. आक्का कुठं बसत्यात, बघितलासा?"

मी बघितलं नव्हतं.

"न्हाणीच्या दाराम्होरं, जायच्या वाटंवर. कुणी आलं की उठत्यात, गेलं की परत बसत्यात. सगळ्या घरात त्यास्नी तेवढीच जागा घावली, कारण ती कुणाची न्हवती. आणि अजून एक सांगतो. सहा दिसांत भिंतीतनं कवाच न चाललेलं माणूस ह्या घरात एकच हाय. त्या आक्का. तुमी सगळी चुकलासा. त्या रेघ बघून वळसा घालत्यात, दाराशी थांबत्यात, आत कोण हाय का बघत्यात, मग येत्यात."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. बोलावल्याशिवाय आत जायचं नाही, हे आईच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. वखारमालकाच्या दाराशी उभी राहायची, मुकादमाच्या दाराशी उभी राहायची, त्याआधी गावात कुठं कुठं उभं राहावं लागलं ते ती सांगत नाही. आणि आता लेकीच्या खडूच्या दाराशीही ती तशीच थांबत होती, आणि मी तिच्या पाठीमागून पिशव्या घेऊन ये-जा करत होते. आई मान खाली घालून तांदूळ निवडत होती. "अण्णा, कशाला तिला बोलतायसा," एवढंच म्हणाली.

अण्णा उठले आणि फ्लॅटच्या निमुळत्या टोकाकडं गेले. तिथल्या भिंतीवर बोटांनी टकटक केली. एके ठिकाणी आवाज बद्द आला. जिन्याच्या बाजूला तिथं पूर्वी दार होतं. बिल्डरला त्या टोकात आधी वॉचमनची खोली काढायची होती, मग त्यानं बेत बदलून दार एका विटेच्या जाडीनं बुजवून टाकलं होतं. अण्णांना ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. बोलले नव्हते इतकंच.

"आक्का, हिकडं या," त्यांनी हाक मारली. "लेकीच्या घरात ऱ्हायचं न्हाय म्हणतासा न्हवं? नका ऱ्हाऊ. शेजारी ऱ्हावा. हे दार फोडतो. जिन्यातनं सरळ तुमच्या घरात. लेकीच्या घरातनं जायलाच नको."

आई तांदूळ बाजूला ठेवून आली आणि तिनंही त्या भिंतीवर टकटक करून बघितलं. मग तिनं विचारलं, "कडी आतनं का भाईरनं?"

"दोनीकडनं. दोनीबी तुमच्याच."

"आणि हिच्याकडनं येयाचं दार?"

"त्याची कडी तुमच्या बाजूला. तुमी उघडलं तर बाई आत येणार."

हे ऐकून माझी लेक टाळ्या पिटायला लागली. आईनं हात पुढं केला आणि अण्णांच्या हातातला खडू मागून घेतला. शाळेचं तोंड न बघितलेली माझी आई फरशीवर वाकली आणि गुडघा धरून एक वेडावाकडा चौकोन काढला. "शेगडी हितं," म्हणाली. मी म्हटलं, "आई, शेगडी कशाला, जेवण आपलं एकत्रच आहे की." अण्णांनी मला हातानंच गप्प केलं. "घर म्हणलं की शेगडी आली, बाई. जेवायला येतील त्या तुमच्याकडं. पावनी म्हणून." देवघर कुठं करायचं, असं त्यांनी आईला विचारलं. आमच्यात देवघर नसतं, बुद्धवंदना असते, तिला एक फळी पुरे, असं आईनं सांगितलं. अण्णांनी तिच्या खांद्याच्या उंचीला भिंतीवर फळीची रेघ ओढली. मोठी खिडकी अर्थातच आईकडं गेली. अगदी टोकात अण्णांनी तिकोनी कट्टा करून दिला, खाली कप्पे, वर बसायला जागा. माझी खोली गेली आणि तिच्या जागी लेकीच्या खोलीत एक टेबल आलं. आज त्याच टेबलावर हे लिहितेय, शेजारी लेकीचा मोबाइल वाजतोय, आणि कामं अडलेली नाहीत.

दार फोडायला इमारतीतल्या सगळ्यांचा होकार हवा होता आणि बिल्डरच्या इंजिनिअरचाही. इंजिनिअरनं भिंत बघून होकार दिला. बाकीच्यांकडं अण्णा स्वतः घरोघर गेले. काय बोलले कुणास ठाऊक, पण तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी सही तर केलीच, वर आपल्या न्हाणीघराचं माप घ्यायला त्यांना आत नेलं.

ऑगस्टमध्ये आई आली. आठ दिवस म्हणूनच आली, आणि मग आठ-आठ करत राहिली. निपाणीची खोली मात्र सोडायला तयार नव्हती. महिन्यातून एकदा जाऊन झाडून यायची. फोनवर कुणी विचारलं की सांगायची, "लेकीकडं हाय मी. जाईन आता चार दिसांत." आपली शेगडी, आपलं दार, आपली कडी, सकाळी आमच्या आधी आपल्या दारात बसून शेजारणींशी गप्पा, सगळं होतं, पण बोलण्यात ती पाहुणीच. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मनात धाकधूक असायचीच, आज ना उद्या पिशवी भरेल.

अण्णा अधूनमधून यायचे. दार पावसाळ्यात फुगलं का बघायला, असं सांगायचे. यायचे ते सरळ आईच्या दाराशी. आई त्यांना चहा करून द्यायची आणि मला बोलवायची नाही. भिंतीपलीकडून दोघांचं बोलणं ऐकू यायचं, गुडघ्यांची दुखणी, बोरगावचा पाऊस, कोणाचा मेस्त्री कसा चुकला. एकदा मीच मधलं दार वाजवून आत गेले, तर अण्णा म्हणाले, "या बाई. दारातनं आलासा, सुधारलासा."

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. झोपेतच गेले होते. आई आणि मी बोरगावला भेटायला गेलो. अंगणात माणसं बसली होती, मला कुठं बघावं कळेना. मी त्या माणसाला जे बोलले होते त्याची माफी मागायची राहून गेली होती, आणि ते सारखं टोचत होतं. त्यांच्या पत्नी आईशेजारी येऊन बसल्या. थोडं रडणं झालं, थोडं बोलणं झालं, आणि मग त्यांनी आईला विचारलं, "आक्का, तुमी कुठं असता?"

उत्तर मला पाठ होतं. मी मान खाली घातली.

"बेळगावात," आई म्हणाली. "माझं घर हाय तिथं. तुमच्या मालकांनीच बांधलंय. दिवस होऊ द्या, मग या चार दिस ऱ्हायला. जिना चढलं की डाव्या हाताला पहिलं दार माझं. पुढचं लेकीचं हाय, ते वाजवू नका."