कावड टेकली न्हाई

देव हाकेला धावतो, असं लोक सांगतात. माझा त्यावर पुरता विश्वास बसत नव्हता. देवाचं आपण करावं, त्यानं आपलं करावं अशी आशा धरू न्हाई, असंच मी मानत आलो. वडील गेल्यापासून दर श्रावणात शेवटच्या सोमवारी शहागडला जाऊन गोदावरीचं पाणी कावडीत भरायचं, तीन कोस अनवाणी चालत गावच्या महादेवाला घालायचं. वाटेत कावड जमिनीला टेकू द्यायची न्हाई, हा आमच्या घरचा नेम. सत्तरी ओलांडली तरी हे काम मी पोरालाही करू दिलं न्हाई. सून दरसाल म्हणायची, "मामा, आवंदा तरी ह्यांना संगं न्या." मी म्हणायचो, "माझे पाय अजून माझेच हायेत."

गेल्या श्रावणात त्याच पायांनी दगा दिला. पाणी भरून घाटाच्या पायऱ्या चढत होतो, तिसऱ्या पायरीवर शेवाळावरून पाय सटकला. हात टेकले असते तर कदाचित वाचलो असतो, पण दोन्ही हात कावडीला होते. कावड वर धरली आणि सगळं अंग डाव्या खुब्यावर आदळलं. आत काहीतरी मोडल्यासारखं झालं. कावड मात्र मी वरच धरून होतो.

आंघोळीला आलेले लोक जमले. एकानं काखेत हात घातले. दुसरा म्हणला, "चमक भरली आसंल, तेल चोळा अन चार पावलं चालवा." मीही म्हणलो, "सोडा, माझा मी उठतो." तेवढ्यात वरच्या पायरीवरून आवाज आला, "उचलू नका त्यांला."

पन्नाशीची धनगर बाई होती, खांद्यावर घोंगडी टाकलेली. मेंढरं घेऊन पाण्यावर आल्ती. खाली येऊन तिनं विचारलं, "बाबा, डोकं आपटलं का? पायाची बोटं हलतात का?" डोकं ठीक होतं, बोटं हलली. तिनं माझा पाय नुसता पाह्यला, हात लावला न्हाई. म्हणली, "पाऊल भाहेर वळलंय. आता उठायचं न्हाई."

"नुसती चमक हाय," मी म्हणलो.

"मंग उठा. न्या कावड."

मी जोर केला. तसूभरही अंग हललं न्हाई, डोळ्यांत पाणी मात्र आलं. ती हसली न्हाई. हळू म्हणली, "माझा सासरा आसाच पडला. आमीच चोळलं, आमीच धरून चालवलं. तो पुन्हा उभा राह्यला न्हाई. तुमाला पुढं कधी कावड उचलायची का न्हाई, तेवढं सांगा."

अजून घटकाभर कावड धरवली नसती. ती वाकली आणि खांदा पुढं केला. बाईमाणसानं आमच्या कावडीला खांदा द्यावा, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. पण त्या वेळी, "टेकू देऊ नको," एवढंच म्हणून मी कावड तिच्या खांद्यावर दिली आणि दोन्ही हात रिकामे झाले. इतके रिकामे ते कधीच नव्हते.

कावड खांद्यावर घेऊन उभ्या उभ्या तिनं सगळ्यांना कामाला लावलं. एकाला गाडी बोलवायला सांगितलं. माझ्या दोन्ही पायांमध्ये घोंगडीची घडी ठेवायला लावली. दुखरा पाय आहे तसाच ठेवून चांगला पाय त्याच्याजवळ आणून बांधायला सांगितला. बांधायला काही नव्हतं. तिनं माझ्या डोक्याकडं पाह्यलं.

"डोईचा पटका पायाला?" मी म्हणलो.

"पाय ऱ्हायले तर डोई ताठ ऱ्हाईल, बाबा."

मी माझ्या हातानं पटका सोडून दिला. कुणीतरी चहा आणला, तोही तिनं परत पाठवला. म्हणली, "आपरेशन निघालं तर पोट रिकामं लागतं." गाडी आली तेव्हा मला गाव विचारलं आणि म्हणली, "महादेवालाच ना? मेंढरांपाशी मालक हाय. मी निघते."

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणले, खुब्याचं हाड मोडलंय, उठून चालला असता तर अजून सरकलं असतं. पाय कुणी बांधला म्हणून त्यांनी दोनदा विचारलं. माझं चित्त कावडीत होतं.

सांजच्याला सून आली. खाटेपाशी उभी राहून म्हणली, "मामा, दुपारी एक बाई देवळापुढं आली. पुजारी ठेव म्हणला तरी तिनं कावड ठेवली न्हाई, घरच्या माणसाला बोलवा म्हणली. हे तर इकडं तुमच्यापाशी. मंग मीच तिच्या खांद्यावरून घागरी उतरवल्या अन पाणी घातलं. चालंल ना?"

मी म्हणलो, "चालंल, बाई. लई चांगलं केलंस."

"ती तांब्याभर पाणी प्याली अन निघाली. एवढंच म्हणली, बाबाला सांगा, कावड टेकली न्हाई."

बरा झाल्यावर तिची घोंगडी परत करायला शहागडला गेल्तो. मेंढरं पुढच्या मुलखात गेल्ती. गावात म्हणतात, ती देवीच होती. मी म्हणतो, धनगर बाई होती, सासऱ्याचं दुःख उरात घेऊन माझ्यासाठी तीन कोस चालली. असं म्हणल्यानं देवाचं काही कमी होत न्हाई. पडल्यावर पडून राहायला आणि धरलेलं दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायला देवानंच मला शिकवलं, तिच्या तोंडून.

या श्रावणात कावड सुनेनं आणली. मी काठी घेऊन देवळाच्या पायरीवर वाट बघत बसलो होतो. डोक्याला तोच पटका होता.