आत्याला विचारलंत का?

चष्मेवाल्याला कादंबरी लिहायची आहे, हे त्याच्या बायकोला लग्नानंतर नऊ वर्षांनी कळलं. तेही कपाटावरचा वह्यांचा गठ्ठा तिच्या डोक्यात पडला म्हणून.

"एवढं लिहिलंय, तर कुणाला तरी दाखवा की!" ती डोकं चोळत म्हणाली.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी दुपारी लेखनाचा वर्ग भरायचा. तो घेणाऱ्या बाईंनी स्वतः एक ओळही छापली नव्हती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं लोकांचे कॉल जोडून देऊन त्या निवृत्त झाल्या होत्या. ठेंगण्या, आवाज खणखणीत, आणि चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. चष्मेवाल्याला राहवेना. पहिल्याच दिवशी त्याने खिशातून बारका पेचकस काढून ती काडी बसवून दिली, आणि मगच वही पुढे केली.

वही परत आली तेव्हा त्यात ना 'छान' होतं, ना 'वाईट'. समासात पेन्सिलीने नुसते प्रश्न. 'ही खिडकी कुठे उघडते?' 'भांडताना हिच्या हातात काय होतं?' 'आजोबा गप्प बसले, पण बघत कुठे होते?'

'ही शिकवणी आहे की चौकशी?' तो मनाशी चरफडला. पण रात्री उत्तरं लिहायला बसला, आणि सहा पानांच्या प्रकरणाची चाळीस पानं कधी झाली, त्याचं त्यालाच कळलं नाही. आपल्या वहीतल्या खिडकीबद्दल कुणाला इतकी उत्सुकता असावी, याचंच त्याला नवल वाटायचं. दोन वर्षं तो त्या नवलावर लिहीत राहिला.

कादंबरी त्याच्या आत्याची होती. तो सात वर्षांचा असताना आत्या चपलेचा अंगठा शिवून आणते म्हणून बाहेर पडली, ती अकरा वर्षांनी बॅग घेऊन परतली. आजोबा एवढंच म्हणाले, "हातपाय धू, जेवायला बस." बस्स. त्यानंतर घरात कुणी विषय काढला नाही.

सातव्या प्रकरणात तीच अकरा वर्षं यायची होती, आणि तिथेच गाडी अडली. त्याने आत्याला एक प्रियकर दिला. फाडलं. तुरुंगात टाकलं. फाडलं. वेड लावलं, तेही फाडलं. मग दोन शनिवार त्याने वर्गाला दांडी मारली.

तिसऱ्या आठवड्यात बाई दुकानातच हजर. डोळे तपासायच्या खुर्चीत ऐसपैस बसल्या.

"वाचा," तो तक्त्याकडे बोट करून म्हणाला.

"वाचते. आधी सांगा, सातवं प्रकरण कुठंय?"

"नाही जमणार बाई. मी आपला काचा घासणारा माणूस."

"घासा की, कोण नको म्हणतंय? पण त्या आत्या सध्या कुठे असतात?"

"घरीच. मागच्या खोलीत."

बाई ताडकन उठल्या. "जिवंत आहेत? आणि तुम्ही कागद फाडत बसलाय? अहो, विचारलंत का त्यांना?"

"असं कसं विचारणार? तिला वाईट वाटेल."

"त्यांना, की तुम्हाला?" तो हातातली काच पुसू लागला. तशा बाई पुन्हा खुर्चीत टेकल्या. "एकतीस वर्षं मी लोकांची बोलणी जोडली. 'ऐक, मी आता कधीच...' एवढं कानावर पडायचं, की नियमाप्रमाणे बाजूला व्हायचं. कधीच काय? अजून डोक्यात घोळतंय माझ्या. निदान तुमची एक गोष्ट तरी शेवटपर्यंत ऐकू द्या. मध्येच तोडू नका."

रविवारी दुपारी आत्या जुना स्वेटर उसवून लोकर गुंडाळत बसली होती. तो तिच्यासमोर जाऊन बसला.

"आत्या, ती अकरा वर्षं तू कुठे होतीस गं?"

लोकरीचा गुंडा थांबला. "विचारलंस एकदाचं! तुझे आजोबा गेले, बाप गेला. म्हटलं, आता मीही जाईन, तरी कुणी विचारणार नाही."

ना प्रियकर, ना दुःख. अंगठा शिवून झाला तेव्हा समोर बस उभी होती, आणि अडतीस वर्षांत आत्या एकदाही एकटी बसमध्ये बसली नव्हती. ती बसली. बंदराजवळ ताडपत्रीच्या कारखान्यात शिलाई मशीनवर लागली.

"पहिली दोन वर्षं 'उद्या परत जाऊ' म्हणत काढली. पुढची नऊ मजेत गेली."

"मग आलीस का?"

"सुईत दोरा ओवता येईना."

तो बघतच राहिला. तेव्हा तो अठरा वर्षांचा, दुकानात नवा होता. तिचा पहिला चष्मा त्यानेच तर बनवला होता! नंबर विचारला, बाकी काही नाही.

सातवं प्रकरण सर्वांत लांब झालं. पुस्तक व्हायला आणखी दोन वर्षं गेली. दोन प्रकाशकांनी बाड साभार परत केलं, तेव्हा बाईंनीच ते तिसऱ्याकडे धाडायला लावलं. तिसऱ्याने ठेवून घेतलं.

पुस्तक हातात पडल्यावर आत्याने हट्टच धरला, "त्या चौकस बाईंना मला भेटव." तो तिला धरून धरून वाचनालयाचा जिना चढला. दोघींनी एकमेकींना नीट न्याहाळलं, आणि बाई त्याला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबा."

दार बंद झालं. तासभर तो जिन्यात उभा होता. आतून कुजबुज ऐकू येई, मग हसण्याचा स्फोट, मग पुन्हा कुजबुज. कान टवकारले, तरी एक शब्द धड लागेना.

"काय बोललात एवढं?" त्याने घरी जाताना विचारलं.

"तुला काय करायचंय?" आत्या म्हणाली. "पुढच्या शनिवारी परत यायचंय मला. आणि जरा हळू चाल."