एकाच डब्यातले दोन वास

माझे बाबा नाकावर पोट भरायचे. पंजाबात, डेराबस्सीला मलमं बनवणाऱ्या एका कारखान्यात ते केमिस्ट होते. कच्चा माल आला की यंत्रं नंतर, आधी बाबांचं नाक. घरी आमटी तळाला जराशी लागली तरी त्यांना फाटकातूनच कळायचं आणि आईचं डोकं फिरायचं. मी त्यांच्याशी वाद घालायचे, कारण मला सगळ्यांशीच वाद घालायची खोड होती. अजून आहे.

आमचा सगळ्यात लांबलेला वाद एका कोलोनचा आणि त्याच्या जोडीच्या दाढीच्या क्रीमचा. आखातात नोकरीला असलेल्या मामाने तो सेट पाठवला होता. चकचकीत कागदात बंद डबा, वर नुसतं बाटलीचं चित्र. आई म्हणाली, "इथं कोण लावणार आहे असलं काही? घामाचा वास बरा." आणि दिवाळीला तिने तो डबा न उघडताच शेजारच्या सरदारजींना देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी ते पिन्नीची थाळी घेऊन आले. पिन्नी म्हणजे कणीक आणि तुपाचे लाडू, एक खाल्ला की दुपारपर्यंत भूक नाही. थाळीच्या कडेला दाढीच्या क्रीमची ट्यूब होती. "भाभीजी, यह तो आपका रह गया," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. आईने कपाळाला हात लावला. आयुष्यात दाढीला पातं न लावलेल्या माणसाला तिने दाढीचं क्रीम भेट दिलं होतं. चार वर्षं पंजाबात काढून हा पराक्रम. "मेरे को दिखा नहीं ना अंदर का," ती म्हणाली आणि अंकल इतके हसले की आंटी भिंतीपलीकडून काय झालं म्हणून विचारायला लागल्या. मग त्यांनीच वाटणी केली. बाटली त्यांची, ट्यूब आमची.

अंकल सचिवालयात कामाला होते. आमची दोन्ही कुटुंबं सेक्टरातल्या एका जोडघरात भाड्याने राहायची, मागच्या अंगणात मध्ये छातीइतकी भिंत. हिवाळ्यात बाबा अंगणातल्या नळाशी, उन्हात, दाढी करायचे. पलीकडे अंकल दाढी विंचरून, ती चापून बसावी म्हणून वरून पट्टी बांधून बसलेले असायचे. ठाठा म्हणायचे तिला. ती बांधली की त्यांना बोलता यायचं नाही, त्यामुळे तेवढा वेळ फक्त बाबा बोलायचे. मग पट्टी सुटायची, कानामागे कोलोनचे दोन थेंब लागायचे आणि पगडीची वेळ व्हायची. पगडीचं पाच-सहा मीटर कापड घडी घालण्याआधी ताणून धरावं लागतं, त्याला दुसऱ्या टोकाला माणूस लागतो. ते काम त्यांच्या मुलीचं. ती एकुलती एक. मी तिला दीदी म्हणायचे. ती कानपूरला शिकायला गेली, आंटींचा खांदा दुखायचा, म्हणून ते टोक माझ्याकडे आलं. मी भिंतीवरून अर्धी वाकून ते धरायचे. अंकल म्हणायचे, "खींच के, बेटा," आणि मी चिडून इतकं ओढायचे की एकदा ते पुढे झुकले.

तर वाद असा. बाबा म्हणायचे, बाटली आणि ट्यूब, दोघांत एकच सुगंध घातलाय, बेस तेवढा वेगळा. साबणाच्या क्षारात लिंबू मरतं, स्पिरिटात ते आधी उडून नाकात जातं, एवढंच. मी म्हणायचे, साफ खोटं. क्रीमला धुतलेल्या टॉवेलचा आणि थोडा बडीशेपेचा वास, कोलोनला ओल्या लाकडाचा. एक घरात बसून राहणारा, दुसरा दार उघडून बाहेर जाणारा. बाबा म्हणायचे, "तुझं नाक अजून कच्चं आहे. नुकती दाढी केलेल्या एकाच कातडीवर दोन्ही लाव आणि अर्धा तास थांब. एक होतात की नाही बघ."

आता हे बघायचं कसं? दिलेल्या भेटीतलं थोडं मागून घेणं बाबांच्या रक्तात नव्हतं. अंकलनी बाटली स्वतःहून पुढे केली तरी ते म्हणायचे, "नाही नाही, तुमचं तुमच्याकडे." हातावर लावून बघू, असं मी म्हटलं तर हाताची कातडी वेगळी, चेहऱ्याची वेगळी. हट्ट म्हणजे हट्ट. एका सकाळी हे सगळं ऐकून अंकल ठाठा सोडत म्हणाले, "मतलब, दाढी किया हुआ चेहरा आपका और सेंट मेरा. फिर तो भाईसाब, यह एक्सपेरिमेंट इस जनम में नहीं होगा." बाबांना ते फार आवडलं. कितीतरी दिवस घरी येईल त्याला सांगायचे.

पुढचं वर्ष वाईट होतं. बाबांची कारखान्याची बस रोज दोनदा तपासली जायची. उन्हाळ्यात कर्फ्यू लागला, पेपर अर्धे कोरे यायचे, आणि अंगणातलं बोलणं कमी झालं. भांडण नव्हतं. दोघांनाही काय बोलू नये ते कळत होतं, आणि ते सोडून उरलेलं थोडंच होतं. बाबा रविवारीच ती ट्यूब काढायचे, अंकल गुरुद्वाऱ्यात जाताना ती बाटली, त्यामुळे दोन्ही पुरवून पुरवून चालल्या होत्या. मी कापडाचं टोक रोज धरत होते.

मग दिवाळी होऊन आठवडा झाला आणि पंतप्रधानांची हत्या झाली. दिल्लीतून, कानपूरहून शिखांना गाठून मारत असल्याच्या बातम्या यायला लागल्या. दीदीच्या हॉस्टेलचा फोन लागेना. अंकल तीन दिवस फोनजवळ खुर्ची टाकून बसले होते. आंटी जेवायला वाढायच्या, ताट तसंच परत जायचं. आई इकडून वरण-भात पाठवायची, तोही.

चौथ्या दिवशी तिच्या एका प्राध्यापकांचा ट्रंक कॉल आला. मुलगी माझ्या घरी आहे, सुखरूप आहे, पण खोलीची कडी लावून बसली आहे, माझ्या बायकोशिवाय कुणाला आत येऊ देत नाही. तुम्ही लवकर न्या. आणि ठेवता ठेवता ते म्हणाले, "सरदारजी, ऐसे मत आना."

बाबा म्हणाले, मी जातो, मी घेऊन येतो, माझ्याकडे कोण बघतंय? आंटींनी मान हलवली. ती परक्या माणसाबरोबर यायची नाही. चार दिवस परकी माणसं काय करतात तेच तिने खिडकीतून बघितलं होतं. थोड्या वेळाने त्यांच्या घराचं मागचं दार आतून बंद झालं.

केस आंटींनी कापले. दाढीही त्यांनीच कात्रीने उतरवली. पुढचं त्यांना येत नव्हतं, आणि अंकलना तर नाहीच. पन्नाशीच्या माणसाला वस्तरा धरता येत नाही, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. ते डोक्यावरून शाल घेऊन आमच्या स्वयंपाकघराच्या दाराने आत आले आणि बाबांना म्हणाले, "आप कर दीजिए."

बाबांनी त्यांना न्हाणीघरात स्टुलावर बसवलं. मी गरम पाण्याचं भांडं घेऊन दारात उभी होते, आई मला बोलवत होती आणि मी जात नव्हते. फळीवर बाबांचा रोजचा साबण होता. तो त्यांनी बाजूला सरकवला आणि मामाची ट्यूब घेतली. पाहुण्याला चांगलं ते द्यायचं, एवढंच त्यांच्या मनात आलं असणार. ब्रश त्यांनी सराईतपणे फिरवला, पातं मात्र दोनदा पुसून मग लावलं. दोन ठिकाणी कापलं. अंकल डोळे मिटून बसले होते. संपल्यावर त्यांनी आरशाकडे पाठ करून तोंड धुतलं. मला रडू आलं ते त्या पाठीचं. हनुवटीखालची कातडी लहान बाळासारखी पांढरी होती, कधी ऊन न लागलेली.

तासाभराने दोघे निघाले, अंबाल्याहून गाडी धरायला. बाबांनी रजेचा अर्जही दिला नाही. अंकल दारातून माझ्याजवळून गेले, माझ्या डोक्यावर हात ठेवायला थांबले. कातडी चरचरत होती म्हणून की सवयीने, कोण जाणे, त्यांनी घरी जाऊन कोलोन लावलं होतं. मला क्रीमचा वेगळा वास येईना आणि कोलोनचाही येईना. एकच वास होता, सलग, गोडसर. बाबा बरोबर होते. मी बाबांकडे पाहिलं, त्यांनीही तो घेतलेला होता, त्यांच्या नाकातून सुटणार कसा. ते चटकन दुसरीकडे बघायला लागले.

पाच दिवसांनी तिघं परत आली. बाबा जेवायला बसले आणि आईला सांगत होते. कानपूरला पोचल्यावर पुन्हा तसंच, त्याच ट्यूबने दाढी आणि वरून कोलोन. प्राध्यापकांच्या बायकोने दीदीच्या खोलीचं दार वाजवलं, पापा आले म्हणाली. दीदीने फट उघडली, बघितलं आणि दार लावून घेतलं. अंकल बाहेरून हाका मारत राहिले, घरचं नाव घेऊन, लहानपणचं काहीबाही सांगून. बैठकीत बसलेल्या बाबांना पुष्कळ वेळाने कडी निघाल्याचं ऐकू आलं. "वासाने ओळखलं बरं का तिने," बाबा म्हणाले. "आवाज तर केव्हापासून ऐकत होती. ते दाराशी अगदी जवळ गेले असणार, कोलोनचा वास आत गेला, तेव्हा उघडलं." हे सांगताना त्यांचा घास हातातच राहिला होता. आई म्हणाली, "देवानेच तुम्हाला तो डबा द्यायची बुद्धी दिली मला." मी वाद घातला नाही.

दीदी महिनाभर कुणाशी बोलली नाही. पुढे थंडीत एकदा अंगणात आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो, तेव्हा मी तिला मूर्खासारखं विचारलं, वासाने ओळखलंस ना? तिने शेंग सोलता सोलता मान हलवली. नाही.

"सेंट तो पापा का ही था," ती म्हणाली. "पण त्याच्याखाली साबणासारखा दुसरा वास होता. आमच्या घरात कधी नसलेला. मला वाटलं, पापांना मारलं आणि त्यांचे कपडे घालून कुणीतरी आलंय."

मग दार का उघडलं, ते तिनेच पुढची शेंग सोलताना सांगितलं. बाहेरचा माणूस बोलायचा थांबला आणि दाराखालच्या फटीतून त्याने आपल्या मफलरचं एक टोक आत सरकवलं. तिने ते धरलं. बाहेरून म्हणाला, "खींच के, बेटा."

म्हणजे दोन वास वेगळेच होते. वाद मी जिंकले होते. बाबा त्यानंतर सव्वीस वर्षं जगले आणि वासाची ती गोष्ट येईल त्याला सांगत राहिले, आणि मी प्रत्येक वेळी समोर बसून ऐकली.