मावशीची ताठ मानेची फुलं

खरं सांगू, हे लिहिणारच नव्हते. मावशी म्हणाली, "माझ्यावर काय लिहितेस, त्यापेक्षा चार बादल्या घास." बादल्या घासल्या, आता लिहितेय.

माझी मावशी उघड्या शेतात झिनियाची फुलं लावते. शेजारीच तिच्या धाकट्या भावाचं, म्हणजे मामाचं, प्लास्टिकने झाकलेलं पॉलिहाऊस. तिथेही झिनियाच, पण आत शिरताना पाय औषधाच्या पाण्यात बुडवायचे, चपला बदलायच्या. मावशी त्याला दवाखाना म्हणते. "काय रे, पेशंट कसे आहेत?"

मामाला मावशीच्या शेतावरही प्लास्टिक चढवायचं होतं. ती ऐकेना. शेवटी पैज लागली. दोघांची वीस-वीस फुलं एकाच दिवशी कापून ओट्यावर बादल्यांत ठेवायची. ज्याची जास्त दिवस ताठ राहतील, त्याच्या मनासारखं होईल.

मावशीची फुलं कापायला गेले मी. धावत. दिसलं सुंदर की कापलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्या अकरांनी मान टाकलेली. मामाच्या अजून तरी फक्त सातांनी.

"ताई, सांगाडा उभारणाऱ्याला फोन करू ना?" मामा मिशीत हसला.

मावशीने एक दांडा उचलला. "बये, हलवून बघितलं होतंस?"

नव्हतं! झिनिया कापायच्या आधी फुलाखाली वीतभर अंतरावर दांडा धरून हलवायचा. मान डुगडुगली की कच्चं, ताठ राहिली की तयार. लहानपणापासून माहितीये मला. माझ्या घाईने तिचं अख्खं शेत प्लास्टिकखाली जाणार! मी तिथेच भोकाड पसरलं.

"बादलीत नको रडू, पाणी खारट होईल," मावशी म्हणाली.

मामाच विरघळला. "बरं बाई, पुन्हा कापू. दोघंही हलवून."

चहा उकळेपर्यंत मावशीची वीस झाली. पॉलिहाऊसमध्ये मामा हलवतोय, हलवतोय... झाडं काय उंच, काय देखणी, आणि सगळ्यांच्या माना डुगडुगतायत. अर्ध्या तासात चार मिळाली, चार!

"वाराच माहीत नाही तुझ्या लाडोबांना," मावशी म्हणाली. "माझी पोरं रोज धक्के खातात."

मामा इतका हसला की चष्मा पडला. पैज त्याने तिथेच सोडली.

शेत उघडंच राहिलं. आणि आता मावशी रोज सकाळी मुकाट चपला बदलून दवाखान्यात जाते, मामाच्या रोपांच्या शेंड्यांवरून मऊ झाडू फिरवते, "वारा आला, वारा आला" म्हणत.

या वेळी येण्याआधी तिला मी दोन वर्षं नुसतंच "परीक्षा झाली की येते" सांगत होते. तुमचंही कुणी असेल ना असं? फोन नको. या रविवारी जाऊनच या. रिकाम्या हाताने गेलात तरी चालेल, बादल्या तिथे असतातच.