अस्वलाचा उतारा

मोहफुलं वेचायला माणसं जातात त्याच झाडाखाली अस्वलंही येतात, हे झरी जामणीकडे कुणाला सांगावं लागत नाही. त्या सकाळी मात्र फुलांना गेलेल्या एका मावशींना मादी अस्वल दिसलं ते रानडुकरांसाठी लावलेल्या तारेच्या फासात अडकलेलं, पाठीवर पिल्लू. मी जनावरांची डॉक्टर. वनखात्याच्या गाडीतून पोचले तेव्हा अर्धं गाव जमलेलं. सगळ्यांना लांब पिटाळताना माझा आवाज अस्वलापेक्षा मोठा झाला असणार.

भुलीचं औषध वजनावर ठरतं, आणि एवढ्या केसाळ जनावराचं वजन नजरेनं ठरवणं म्हणजे गाठोडं न उचलता कापूस जोखणं. त्यातून ती अंगावर पाजणारी. औषध जास्त झालं तर ती उठणार नाही, आणि ती गेली की पिल्लूही गेलं. मी अंदाज जरा कमीच धरला. बंदुकीतली सुई लागली आणि थोड्या वेळानं ती आडवी झाली. तिच्या डोळ्यांत मलम घालून वर दुपट्टा टाकला, तार कापली, जखम धुतली. पिल्लानं आईचे केस काही सोडले नाहीत.

"चला, आता उतारा," मी मदतनिसाला म्हटलं. म्हणजे भूल उतरवणारं इंजेक्शन. मावशींनी मात्र दुसराच उतारा ऐकला. इंजेक्शन देऊन, दुपट्टा काढून मी वळते तो मावशी हजर. ओंजळभर मोहफुलं अस्वलावरून उतरवून त्यांनी बाजूला ठेवलीसुद्धा. मी त्यांना दंडाला धरून गाडीत कोंबलं. इतकी चिडले होते की सोय नाही.

गाडीतून बघत बसलो. ती उठेना. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"घाबरू नका बाई," मावशी म्हणाल्या. "दोन दोन उतारे केले तिले. उठन ते."

आधी कान हलला, मग मान. ती झोकांड्या खात उभी राहिली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. दोन पावलं टाकून तिनं थेट त्या फुलांत तोंड घातलं. भूल उतरल्यावर लगेच काही खाऊ द्यायचं नाही, हा आमचा नियम. उताऱ्याला कुणी शिवायचं नाही, हा मावशींचा. मी त्यांच्याकडे बघितलं.

"खाऊ द्या," त्या म्हणाल्या. "सकाळपासून उपाशी हाय ते. लेकराले पाजा लागते तिले."