आळीच्या तोंडचे कासारमामा

कासारमामा बाईच्या तोंडाकडे बघत नसत. अर्ध्या कसब्यातल्या सवाष्णी त्यांच्या ओट्यावर बसून बांगड्या भरून घ्यायच्या, पण त्यांतली एखादी रस्त्यात समोरून आली तर मामांना ती ओळखूच यायची नाही. मान खाली आणि नजर मनगटावर. लग्न होऊन मी या आळीत आले, त्या वर्षी सासूबाईंबरोबर त्यांच्याकडे गेले होते. पुढच्या संक्रांतीला एकटीच गेले, कपाळापर्यंत पदर ओढून. मामांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "या, माईंच्या सूनबाई! यंदा कणीक फार मळायला लावलेली दिसते." घरी येऊन मी हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. सासूबाई जागेवरून हलल्यासुद्धा नाहीत. "त्यांना म्हणावं, भांडीही घासते. पुढच्या खेपेला तेही ओळखा."

त्यांचं दुकान अगदी आळीच्या तोंडाशी. चार हात रुंदीचा ओटा, वर गवती छप्पर आणि मागे दोन खण राहायला. भिंतीवर बांगड्यांच्या माळा टांगलेल्या असत. हिरव्या पुढे, बाकीच्या मागे. बाहेरगावचा माणूस आमच्याकडे यायचा झाला की त्याला सांगायचं, कासाराच्या दुकानाशी वळा. बस्स, एवढाच पत्ता. समोर एक तांबट दिवसभर ठोकत बसलेला असे आणि शेजारी एक गंधी. त्यामुळे आमच्या आळीच्या तोंडाशी आलं की एका कानात ठणठण आणि नाकात वाळ्याचा वास. मला अजून कुठे वाळ्याचा वास आला की उगीचच घण ऐकू आल्यासारखं होतं.

बांगडी भरताना मामा बोलत राहायचे. बोलण्यात बाई गुंतली की हात सैल पडतो, आणि सैल हातात बांगडी कधी चढली ते कळत नाही. बांगडी फुटली हा शब्द त्यांच्या ओट्यावर कोणी उच्चारायचा नाही. बांगडी वाढली म्हणायचं. कोणी चुकून म्हटलंच, तर तिला परत पहिल्यापासून वाक्य म्हणायला लावत. जीभ मात्र अस्सल पुण्याची. एकदा एका सरदाराच्या घरच्या बाई मेण्यातून आल्या आणि हट्टाने लहान मापाच्या बांगड्या मागू लागल्या. मामांनी दोनदा नाही म्हणून पाहिलं, मग शांतपणे म्हणाले, "बाईसाहेब, बांगडी तरण्या मुलीची देतो. हातही तिचाच पाठवा." बाई तणतणत मेण्यात बसल्या, आणि चार दिवसांनी निमूटपणे परत आल्या.

भरून झालं की दोन्ही भरले हात ते क्षणभर कपाळाला लावत. मग हात कोणाचा का असेना, मोलकरणीचा असो की मेण्यातलीचा. मला नवी नवरी असताना त्याचं हसू यायचं. पुढे येईनासं झालं.

एवढ्या हातांच्या या माणसाला एक हात मात्र धरायची मुभा नव्हती. तो त्यांच्या सुनेचा, सगुणेचा. सासऱ्याने सुनेचा हात धरायचा नाही, ही रीत सगळ्यांचीच, आणि कासाराचं घर झालं म्हणून त्याला सूट नव्हती. मामांची बायको कधीच वारली होती. म्हादू हा एकुलता मुलगा. तो होता तोवर बायकोच्या हातात बांगड्या तो भरी आणि मामा तेवढा वेळ ओट्यावर पाठ करून बसत. मग उत्तरेकडे मोठी स्वारी निघाली. लष्कराबरोबर सगळा बाजारही जायचा, त्यात वाणी, हलवाई, शिंपी, कासार सगळे. म्हादूही दोन बैल आणि बांगड्यांच्या पेट्या घेऊन निघाला. सगुणा तेव्हा परकरातून लुगड्यात आलेली जेमतेम.

उत्तरेत काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. ज्यातलं माणूस गेलं नाही असं घर पुण्यात राहिलं नाही. बातमी आली त्या आठवड्यात आमच्या आळीत रोज कुठल्या ना कुठल्या घरातून काच फुटल्याचा आवाज येई, आणि त्यामागून रडण्याचा. कासारमामांनी काय केलं असेल? दुकान बंद नाही केलं. भिंतीवरच्या सगळ्या माळांवर एक पांढरी चादर टाकली आणि तिच्यापुढे बसून राहिले. पाण्याला जाणाऱ्या बायकांच्या नजरेला हिरवा रंग पडू नये म्हणून. त्या दिवसांत त्यांच्या ओट्यापुढून जाताना मला त्यांचा फार आधार वाटला.

म्हादूचंही काही कळलं नाही. लोक येऊन हळूच सुचवायचे. मामांचं उत्तर ठरलेलं असे. "बातमी आली ती फौजेची. म्हादू फौजेत नव्हता, बाजारात होता." पुढे काही बोलायची सोय ठेवत नसत. सगुणेचं कुंकू राहिलं, बांगड्या राहिल्या. संक्रांत, पंचमी, दिवाळी आली की मामा आपल्या हाताने निवडलेल्या हिरव्या बांगड्या सुपात घालून आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवत आणि ओट्यावर जाऊन पाठ करून बसत. ती आत एकटी बसून एका हाताने दुसरा हात भरी. सबंध पेठेचे हात भरणाऱ्याची सून, आणि तिचे हात भरायला घरात कोणी नाही! मधूनच आतून काच वाढल्याचा आवाज येई. मामा उठत, न बोलता सुपात आणखी दोन टाकत, आणि परत जाऊन बसत.

मधल्या काळात रस्ता बदलत गेला. कात्रजहून नळाने आणलेलं पाणी पलीकडच्या पेठेत नव्या हौदात पडू लागलं. बायका तिकडे जाऊ लागल्या आणि बायकांमागून दुकानं निघाली. सरकारातून तिथे जागाही मिळत होत्या. गंधी गेला, हलवाई गेला, शेवटी तांबटसुद्धा गेला. आळीच्या तोंडाशी एका सावकाराने वाडा उठवला आणि त्याची घोडी जिथे बांधली जात, तिथे पूर्वी अत्तरं मिळत होती हे नव्या माणसाला पटेना. मामांच्या ओट्यावर गिऱ्हाईक दिसेनासं झालं. तांबटाने येऊन किती विनवलं. "मामा, माझ्या शेजारची जागा धरून ठेवलीय. चला."

"म्हादू येईल तो इथे येईल."

"अहो, विचारत विचारत येईल की तिकडे. पुण्याचाच पोर आहे."

"स्वतःचं घर विचारत यायचं? मग ते घर कसलं?"

तांबट गेला तो परत म्हणून तो विषय काढायला आला नाही.

त्यांच्या जातीत पाटाची चाल होती. नवरा गेलेल्या बाईला दुसरं घर करता येई. सगुणेला मागणी आली, सासवडच्या एका बिजवर कासाराची. माणूस चांगला, पोटीपाठी मूल नाही, दुकान बऱ्यापैकी चालणारं. जातीतली दोन वडीलधारी माणसं ओट्यावर येऊन बसली. मामांनी त्यांना पाणी दिलं, गूळ दिला आणि म्हणाले, "नवरा जिवंत असलेल्या बाईला मागणी घालायची चाल सासवडला असेल. पुण्यात नाही." झालं! ती मंडळी गूळही न खाता उठली. सगुणा आत दळत होती. जातं एकदा थांबलं आणि पुन्हा सुरू झालं, एवढं मी आमच्या दारातून ऐकलं.

मला तेव्हा मामांचा राग आला होता, आज खोटं कशाला बोलू. ती पोर माझ्याच वयाची. मला दोन मुलं झाली होती, आणि तिचं काय, जातं आणि उंबरा. पण मामांना हे सांगणार कोण?

सांगितलं आमच्या सासूबाईंनी. झालं असं, की श्रावणात मी आणि सगुणा हौदावर बरोबर गेलो होतो. तिने कळशी उचलली तसा पदर सरला आणि मला तिचं मनगट दिसलं. अंगठ्याच्या मुळाशी जुने, नवे कापल्याचे व्रण, एकावर एक. बांगड्या इतक्या घट्ट की मांसात रुतलेल्या. मी विचारलं तर म्हणाली, "लग्नातल्या मापाच्याच देतात मामंजी. त्यांना कसं सांगू मी, की हात वाढला?" मी घरी आले आणि सासूबाईंपाशी रडले.  पंचमीच्या बांगड्या भरायला त्या मला घेऊन ओट्यावर गेल्या तेव्हा माझा हात मामांच्या हातात जाईपर्यंत थांबल्या.

"अहो कासार, उभ्या पेठेच्या हातांची मापं तुम्हाला तोंडपाठ. घरात एक हात आहे, त्याचं माप ठाऊक आहे का?"

"सासऱ्याने सुनेचा हात बघायचा नसतो, माई."

"बघू नका हो. पण तो वाढतो, एवढं तरी ध्यानात असू द्या. लग्नात पोर अकरा वर्षांची होती."

माझ्या हातावर चढत असलेली बांगडी मामांच्या बोटांत तडकली. मामांच्या हातून बांगडी जाताना मी तरी त्यापूर्वी पाहिली नव्हती. त्यांनी तुकडे वेचले, माझ्या बोटाला लागलं नाही ना ते पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तो गेला तेव्हाचंच माप देत राहिलो, माई. तेच आठवत होतं."  आम्ही अर्धा हात भरलेला तसाच घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मामा दुकान उघडं टाकून स्वतः सासवडला चालत गेले.

गोष्टी ठरल्या. पण त्यात एक अडलं. जातीतले वडील म्हणाले, आधी म्हादूच्या नावाने आंघोळ करून सुतक धरा, सुनेच्या जुन्या बांगड्या फोडा, मग चार दिवसांनी नव्या भरा. पाट तर रात्रीच्या अंधारात लावायचा असतो, बांगड्याही तेव्हाच गुपचूप भरा. मामा म्हणाले, "पाट तुमच्या रीतीने सासवडला लावा. बांगड्या मी भरीन, इथे, या ओट्यावर, दिवसाउजेडी. आणि तिचा हात एक क्षणसुद्धा रिकामा होणार नाही."

निघायच्या दिवशी सकाळी मामांनी सगुणेला ओट्यावर समोर बसवलं. छकडा जुंपून तयार होता, सासवडची माणसं घोटाळत उभी होती. आळीतली झाडून सगळी दारं उघडी. कोणीतरी पुटपुटलं, सासरा सुनेचा हात धरतोय. मामांनी ऐकलं. "लेकीला वाटेला लावणारा बाप आहे मी आज. बोला, काय बोलायचंय?" 

ऊन पाण्यात तिचा हात त्यांनी बराच वेळ धरून ठेवला, तेल चोळलं. अशी रुतलेली बांगडी लोक फोडूनच काढतात. मामांनी एक काढली, अखंड. ती खाली ठेवायच्या आधी नव्या मापाची एक चढवली. मग दुसरी काढली, दुसरी चढवली. त्यांना घाई नव्हती आणि त्या दिवशी ते बोलतही नव्हते. व्रणांवरून बांगडी न्यायची आली की थांबायचे, फुंकर घालायचे. आमच्याकडे पाटाची चाल नाही. माझ्या नणंदेचे हात नवव्या वर्षी रिकामे झाले ते झालेच. त्या दिवशी वन्सं दाराच्या आड उभ्या राहून शेवटची बांगडी चढेपर्यंत बघत होत्या, आणि सासूबाईंनी त्यांना आत बोलावलं नाही.

शेवटी मामांनी भरलेले दोन्ही हात कपाळाला लावले आणि तसेच धरून ठेवले. सगुणा म्हणाली, "मामंजी, तुमच्या जेवणाचं काय?" एवढंच तिला सुचलं. ते म्हणाले, "नीघ पोरी. ऊन चढेल." छकडा वळणाआड गेला तरी ते उभेच होते.

चाकांचा आवाज पुरता गेल्यावर त्यांनी भिंतीवरच्या माळांवर पांढरी चादर ओढली आणि मुठेकडे निघाले. तासाभराने परत आले ते ओलेत्याने. धोतरातून पाणी ठिबकत होतं, डोकं ओलं होतं, आणि मधल्या रस्त्याने येताना कोणाला काही विचारावं लागलं नाही. आमच्या दाराशी ते थांबले. सासूबाई उंबऱ्यात होत्या.

"म्हादू गेला हो, माई," मामा म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडू लागले.

सासूबाईंनी त्यांना आमच्या ओट्यावर बसवलं. मग आत आल्या आणि मला म्हणाल्या, "पिठलं-भात टाक. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही."