मयताने फोन उचलला

नोकरीत मी प्रेतं पुष्कळ पाहिली. पण मयताने स्वतः फोन उचलल्याची घटना एकदाच घडली, आणि ती आठवली की आजही अंगावर काटा येतो.

हातकणंगले भागातल्या एका कारखान्यातून टेम्पोचालकाचा आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. "साहेब, गेटवरचा वॉचमन सकाळपास्नं हललेला न्हाय. डोळं उघडं हायती."

आम्ही पोहोचलो. गणवेशातला माणूस खुर्चीत ताठ बसला होता. सकाळची पाळी त्याच्यासमोरूनच आत गेली होती. काहींनी त्याला रामरामही घातला होता. खिशात तंबाखूची पुडी तेवढी सापडली, फोन नव्हता. पंचनामा करून अकस्मात मृत्यूची नोंद घेतली. गळ्यातल्या ओळखपत्रावरचा फोटो पुसट झाला होता. नातेवाइकांना कळवायला मी त्यावरचा नंबर लावला आणि मयताचं नाव घेतलं.

"व्हय, मीच बोलतोय की," पलीकडून आवाज आला.

शवविच्छेदनात हृदयविकार निघाला. पण मेला तो कोण? बेवारस म्हणून विल्हेवाट लागण्याआधी त्याचं घर शोधणं भाग होतं. कारखान्याचा मालक माणूस सरळ होता. म्हणाला, "पहारा एजन्सीला दिलाय, साहेब. रजा, बदली माणूस, भांडणं, सगळी डोकेदुखी त्यांची. आमचं ध्यान मशीनवर ऱ्हातंय." यात खोटं काही नव्हतं, त्याचा धंदा खरोखरच वाढला होता. एजन्सीने मात्र ते काम परस्पर दुसऱ्या एजन्सीला दिलं होतं, आणि तिला गणवेशापलीकडे काही ठाऊक नव्हतं.

मग फोन उचलणारा शाहूवाडीहून हजर झाला. मी त्याच्यासमोर चहा ठेवला. पोटात चहा गेला की समोरचा बोलतोच.

"भातलावणीला गावाकडं गेलतो, साहेब. माझी ड्युटी त्याला दिलती, अर्ध्या पगारावर. स्टँडवर भेटला हुता."

"नाव काय त्याचं?"

"पावणं म्हणायचो."

"गाव?"

त्याला रडू फुटलं. "इचारलंच न्हाय."

कारखान्यातही सगळे त्याला पावणंच म्हणत. बोटांचे ठसे पोलिसांच्या नोंदीतल्या कोणाशीच जुळले नाहीत. सीमाभागापर्यंतच्या ठाण्यांना फोटो पाठवले, कोणी आलं नाही. शेवटी, "त्यो माझ्या नावावर मेलाय," असं म्हणत शाहूवाडीवाल्यानेच अग्नी दिला.

दहाव्याला मीही पंचगंगेच्या घाटावर गेलो. पिंडाला कावळा शिवेना. अशा वेळी घरचे लोक मयताची राहिलेली इच्छा पुरी करायचा शब्द देतात. याची इच्छा कोणाला ठाऊक? शाहूवाडीवाल्याने हात जोडले. "पावणं, ड्युटी संपली तुमची. आता गेटवर मी हाय."

कावळा उतरला. मी असल्या गोष्टी मानत नाही, पण माझेही हात जोडले गेले.

काम बाहेर द्यावं की नाही, हे धंदेवाल्यांनी ठरवावं. त्यातला फायदा मला कळतो. पण काम हातोहात पुढे जातं तेव्हा प्रत्येकाला वाटतं, माणसाची चौकशी आधीच्याने केली असेल. मुद्दाम कोणीच टाळत नाही, म्हणूनच मला त्याची भीती वाटते.

कुठल्या तरी गावात त्याची वाट पाहणारं घर असेल. तिथे आम्ही पोहोचू शकलो नाही. त्या घरापुरता तो माणूस अजून जिवंत आहे.